डोंगर तोच होता

भारताचा नकाशा भिंतीवर टांगला आणि त्याच्या मधोमध बोट ठेवलं, तर ते नागपूरच्या आसपास पडतं. तिथून हावडा लाइन धरून पूर्वेकडे सरकत गेलं, की गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. समुद्र इथून कुठल्याही बाजूला दूर, सरहद्द त्याहूनही दूर. शिवनाथ नदी आहे, पण ती दुर्गच्या पलीकडून आपल्या वाटेने जाते. धानाची सपाट खाचरं, गावोगावची तळी, फाल्गुनात पेटणारा पळस आणि त्यात 1950 च्या दशकात उभं राहिलेलं पोलादाचं शहर. जगातली सत्ता कुठे नांदते हे सांगणाऱ्या थोरामोठ्या सिद्धांतांमध्ये अशा जागेला नाव नाही. मला मात्र ते सिद्धांत उमगले ते इथे राहून, इथल्या लाल धुळीत.

माझे वडील भंडारा जिल्ह्यातून इथे नोकरीला आले. प्लांटमधल्या रेल मिलमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मी इथेच शिकले आणि इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवू लागले. घरात मराठी, वर्गात हिंदी, बाजारात छत्तीसगढी. एका भिंतीपलीकडे बंगाली कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू. भिलाईच्या कुठल्याही सेक्टरमध्ये हे असंच. वर्गात नकाशा उलगडला की एक प्रश्न हमखास यायचा. जगात सगळ्यात बलवान देश कोणता, आणि तो बलवान का? पुस्तकातलं उत्तर अर्ध्या मिनिटात संपायचं. खरं उत्तर शोधता शोधता माझे केस पिकले.

प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याने त्याचं उत्तर मंडळं आखून दिलं. जिंकू पाहणारा राजा मधोमध, त्याच्या सीमेला लागून असलेला तो शत्रू, शत्रूच्या पाठीमागचा तो आपला मित्र. हे राजमंडळ परराष्ट्रनीतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. त्याच अर्थशास्त्रात खाणींचं प्रकरण आहे, तिकडे मात्र सहसा कुणी फिरकत नाही. खाणीतून कोश भरतो, कोशातून सैन्य उभं राहतं आणि दोन्ही हाती असले की भूमी मिळते, असा तो हिशेब आहे. शेजारी कोण आहे याच्याइतकंच आपल्या पायाखाली काय आहे याला तिथे मोल आहे. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1965 या काळात तीन भागांत सिद्ध केली. त्याच सुमाराला भिलाईत पोलाद कारखान्याचा दहा लाख टनांचा पहिला टप्पा पुरा होऊन विस्ताराचं काम चाललं होतं. मुंबईत एक विद्वान खाणींचं ते सूत्र तपासून, शुद्ध करून छापत होता आणि इकडे त्याच सूत्राचा अर्थ भट्टीत वितळत होता, हे मनात आलं की मला फार बरं वाटतं.

आपल्या मराठी मुलखाचंही या विषयात स्वतःचं बोलणं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलं गेलं. शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्य जवळून पाहिलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. किल्ल्यांत राज्याचा जीव कसा असतो, आरमार हे राज्याचं वेगळं अंग का मानायचं, हे त्यात आहे. टोपीकर दिसायला व्यापारी असले तरी त्यांच्या मनात भूमीची हाव आहे, त्यांना किनाऱ्यालगत जागा देऊ नये, असा इशाराही आहे. आपण तो कानाआड केला. 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराची राखरांगोळी झाली. विजयदुर्गावर आलेले इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्याच वर्षी प्लासीच्या मोहिमेत होते. समुद्राची बाजू आपण आपल्या हातांनी उघडी टाकली आणि त्याची किंमत पुढे कितीतरी पिढ्यांनी मोजली.

आज्ञापत्रातला मला सगळ्यात प्रिय भाग मात्र लाकडाचा आहे. आरमार बांधायचं तर लाकूड हवं. अमात्य सांगतात, साग वगैरे लाकूड परवानगीने तोडा, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसाला हात लावू नका, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या. राज्याच्या सामर्थ्याची एवढी मोठी गोष्ट चालली असताना त्यात एका कुणब्याच्या परसातल्या फणसाला जागा आहे. पुढे मी जे जे वाचलं, त्यात हा फणस शोधत राहिले. तो फार थोड्या ठिकाणी सापडला.

अमात्यांनंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1890 मध्ये, अमेरिकेच्या नौदलातला अधिकारी आल्फ्रेड माहान याने समुद्रसत्तेवरचा आपला ग्रंथ काढला. ज्याच्या ताब्यात सागरी वाटा आणि बंदरं, त्याच्या ताब्यात व्यापार. व्यापार ज्याचा, त्याची सत्ता. ब्रिटनने एवढं मोठं साम्राज्य कसं उभारलं, याचं त्याने लावलेलं गणित ते हेच. जर्मनीत फ्रीडरिश रात्सेल प्राणिशास्त्र शिकून भूगोलाकडे वळला होता. त्याला राज्य हे सजीवासारखं दिसलं. ते वाढणार, त्याला जागा लागणार, आणि वाढता वाढता ते दुबळ्याची जागा गिळणार. स्वीडनच्या रुडॉल्फ चेलेनने 1899 मध्ये या साऱ्या विचाराला भूराजकारण हे नाव दिलं. शतक संपत आलं होतं, आफ्रिकेची वाटणी उरकत आली होती आणि युरोपातले प्राध्यापक नकाशावर असे वाकले होते, जणू त्याखाली माणसं राहतच नाहीत.

मग आलं 1904. त्या वर्षीच्या 25 जानेवारीला लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत हॅलफर्ड मॅकिंडरने एक निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं : कोलंबसापासून चालत आलेलं चारशे वर्षांचं दर्यावर्दी युग आता सरलं. युरोप आणि आशिया यांच्या पोटात एक अफाट प्रदेश आहे. त्याच्या नद्या उत्तरेच्या गोठलेल्या समुद्राला नाहीतर खंडातल्या तळ्यांना मिळतात, म्हणून तिथे कुणाचं आरमार पोचत नाही. पूर्वी याच गवताळ मुलखातून घोडेस्वारांच्या टोळ्या निघायच्या आणि भोवतालच्या देशांना हादरवायच्या. आता घोड्याची जागा रेल्वे घेणार. सैबेरियातून रूळ टाकले जात आहेत; ज्या सत्तेच्या हाती हा गाभा आणि हे रूळ असतील, ती जगाला भारी पडेल. या गाभ्याभोवती त्याने एक चंद्रकोर आखली होती, जर्मनीपासून तुर्कस्तान, भारत, चीनपर्यंत. म्हणजे आपण त्या चित्रात होतो, पण काठावर. कुणीतरी धरायची किंवा सोडायची जागा म्हणून.

त्या सभेत चर्चा झाली. लिओ अ‍ॅमरी नावाचा तरुण पत्रकार बोलायला उठला. जन्म त्याचा आपल्या गोरखपूरचा, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोच ब्रिटनचा भारतमंत्री झाला. जहाज आणि आगगाडी यांच्या जोडीला उद्या विमान येणार, हे त्याने तेव्हाच सांगितलं. राइट बंधूंचं उड्डाण होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. मग ही सगळी भौगोलिक वाटणी पुष्कळशी निकालात निघेल, असं तो म्हणाला. देश खंडाच्या मध्यावर आहे की बेटावर, याने फरक पडणार नाही. ज्यांच्याकडे उद्योगाचं बळ, शोधक बुद्धी आणि विज्ञान असेल, तेच इतरांना भारी पडतील. मॅकिंडरचा निबंध जगभर गाजला. अ‍ॅमरीचं उत्तर त्या निबंधाच्या मागे चर्चेत छापलं गेलं आणि तिथेच पडून राहिलं. माझ्या मते त्या संध्याकाळी सगळ्यात खरं तेच बोललं गेलं, आणि त्याचा पुरावा माझ्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत उभा आहे.

तो पुरावा म्हणजे दल्ली-राजहराचे डोंगर. मॅकिंडर लंडनमध्ये बोलला त्याच्या आगेमागेच दोराबजी टाटा नागपुरात होते. वडिलांचं, म्हणजे जमशेदजींचं, पोलादाचं स्वप्न घेऊन ते हिंडत होते. 1882 मध्ये जमशेदजींच्या वाचनात चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल आला होता; पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, म्हणून ते तिथेच अडलं. दोराबजी सचिवालयात एका अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. भेटीला वेळ होता म्हणून जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भशास्त्रीय नकाशा टांगलेला होता, आणि त्यावर दुर्गच्या बाजूला एक भाग गडद रंगवलेला होता. लोखंडाची ती नोंद प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने आधीच करून ठेवली होती. दोराबजी आणि त्यांच्याबरोबरचे अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड तिकडे निघाले. दल्लीच्या डोंगरावर चढताना पायाखाली धातू वाजावा तसा आवाज होत होता, असं टाटांच्या चरित्रात नोंदलेलं आहे.

लोखंड उत्तम होतं. भट्टीला चालणारा कोळसा मात्र आसपास नव्हता. बेत बारगळला. 24 फेब्रुवारी 1904 ला, म्हणजे मॅकिंडरच्या निबंधानंतर बरोबर महिनाभराने, त्याच प्रमथनाथ बोसांनी जमशेदजींना पत्र लिहून मयूरभंजच्या लोखंडाची खबर दिली. पुढे 1907 मध्ये टाटांची कंपनी निघाली, साकचीला कारखाना झाला आणि त्या गावाचं जमशेदपूर झालं. दल्लीचा डोंगर होता तसाच राहिला. पावसाळ्यात त्याच्या ओढ्यांना लाल पाणी यायचं, उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला बाया जायच्या. लोखंड पोटात घेऊन तो अर्धशतक स्वस्थ बसला.

मग 2 फेब्रुवारी 1955 ला दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याजाने कर्ज, बारा वार्षिक हप्त्यांत फेड. जागा ठरली भिलाई. तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. लोखंड दल्ली-राजहराचं, चुनखडी नंदिनीची, मँगनीज बालाघाट-भंडाऱ्याकडचं, पाणी तांदुळा कालव्याचं. कोळसा अजूनही जवळ नव्हताच. तो झरियाकडून आगगाडीने आणायचा ठरला. म्हणजे जमिनीत, डोंगरात, अंतरात काही बदल झाला नव्हता. 1904 मध्ये जे अशक्य होतं ते 1955 मध्ये शक्य झालं, कारण मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, पोलाद स्वतःचं हवं असं त्याने ठरवलं होतं आणि तंत्र शिकवायला एक परका देश राजी झाला होता. नकाशा फक्त काय होऊ शकेल ते सांगतो. होणं न होणं माणसांकडे असतं.

त्या करारात जगाच्या राजकारणाची सगळी सूत्रं एकमेकांत गुंतली होती. त्याच महिन्यात, 24 फेब्रुवारीला, बगदादला तुर्कस्तान आणि इराक यांच्यात करार झाला आणि पुढे पाकिस्तानही त्यात सामील झाला. येलचे प्राध्यापक निकोलस स्पाइकमन यांचं 1944 मधलं पुस्तक अशा करारांमागच्या अमेरिकी धोरणाच्या पाठीशी होतं. मॅकिंडरचा गाभा महत्त्वाचा खरा, पण त्याहून महत्त्वाचा त्याच्या भोवतीचा किनारपट्टीचा पट्टा, असं ते सांगून गेले होते. अमेरिका त्या पट्ट्यात मित्र जोडत, सोव्हिएत संघाला कोंडत चालली होती. आणि नेमक्या त्या पट्ट्यातल्या एका मोठ्या स्वतंत्र देशाने, कुठल्याच गटात न शिरता, गाभ्यातल्या सत्तेकडून कारखाना घेतला. पश्चिम जर्मनीकडून राउरकेल्याचा घेतला, ब्रिटनकडून दुर्गापूरचा. ज्याला सगळे काठ म्हणत होते, तो देश आपलं केंद्र आपण आखू पाहत होता.

यंत्रं आली ती मात्र समुद्रातून. विशाखापट्टणमच्या बंदरात सोव्हिएत यंत्रसामग्री उतरायची आणि तिथून रेल्वेने इकडे यायची. ज्या देशाला मॅकिंडरने जमिनीचा स्वामी ठरवलं, त्यालाही भिलाईला पोचायला माहानच्याच पाण्यातून यावं लागलं. आजही तसंच आहे. या भट्ट्यांना लागणारा कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून येतो. देशाच्या ऐन पोटातला हा कारखाना हिंद महासागरातल्या जहाजांवर जगतो. सरदार का. मा. पणिक्कर यांनी 1945 मध्येच आपल्या पुस्तकात बजावलं होतं, की हिंदुस्थानचं भवितव्य हिंदी महासागराशी बांधलेलं आहे आणि त्याकडे पाठ फिरवून बसणाऱ्यांनी आधी देश घालवला आहे. भिलाईत, समुद्रापासून इतक्या लांब, त्यांचं म्हणणं मला जितकं पटतं तितकं ते किनाऱ्यावर उभं राहून पटलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. उभारणीतले सोव्हिएत मुख्य अभियंता होते वेनिअमिन दिमशित्झ. त्याआधी मॅग्निटोगोर्स्क आणि झापोरोझ्ये इथल्या पोलाद कारखान्यांचं काम त्यांनी पाहिलं होतं. हे तपशील मला मोठे बोलके वाटतात. 1941 मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या तेव्हा त्यांना अडवणाऱ्या रणगाड्यांचं पोलाद मॅग्निटोगोर्स्कसारख्या उरलच्या भट्ट्यांतून निघत होतं. मॅकिंडरचा गाभा टिकला तो गवताळ मैदानांच्या जोरावर नाही, त्या भट्ट्यांच्या आणि त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बायामाणसांच्या जोरावर. त्याच विद्येची एक फांदी इथे, धानाच्या खाचरांत आणून लावली गेली.

माझ्या लहानपणी रशियन कुटुंबं टाउनशिपमध्ये राहायची. 1972 मध्ये दोन देशांच्या मैत्रीची खूण म्हणून मैत्री बाग झाली. अजूनही रविवारी तिथे पोराबाळांची गर्दी असते. बाबांना रशियन भाषेतले मोजके शब्द येत, सगळे कामाचे : तापलं, थांब, अजून, झालं. ते रेल मिलचं वर्णन करायचे तेव्हा आई पदर तोंडाला लावून ऐकायची. लालभडक लोखंडाचा ठोकळा रुळांच्या आकाराच्या खाचांमधून पुन्हा पुन्हा जातो, दर खेपेला लांब आणि बारीक होतो, आणि शेवटी थंड व्हायच्या मांडणीवर येतो तेव्हा लालाचा जांभळा, जांभळ्याचा काळा होत जातो. थंड होताना रूळ वाकतो, म्हणून त्याला सरळ करायचं वेगळं काम. हाताने चाचपून वाक सांगणारे कारागीर तेव्हा होते. बाबा म्हणायचे, “बेटा, गाव नकाशात असून भागत नाही. गावापर्यंत रूळ यावा लागते, अन् तो रूळ कोणीतरी सरळ करावा लागते.”

आता इथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून 260 मीटरचा केला जातो. असे रूळ वाघिणींच्या लांबलचक गाडीवर निघतात, तेव्हा वळणावर ते सुतळीसारखे वाकतात आणि पुढे सरळ होतात. पॉवर हाउस स्टेशनच्या पुलावरून हे दृश्य पाहताना मला नेहमी मॅकिंडर आठवतो. रेल्वे सत्तेचं रूप पालटेल, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. हे रूळ देशभर पसरले. इथल्या, बोकारोच्या आणि राउरकेल्याच्या जाड पत्र्यांनी आयएनएस विक्रांतचा सांगाडा घडला. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत ती नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ती बातमी पाहताना माझे डोळे भरून आले. जिथे समुद्र कुणी पाहिलेलाही नसतो अशा गावांतल्या माणसांनी समुद्रावरच्या किल्ल्याचं लोखंड दिलं होतं.

आणि तरीही एवढ्यावर थांबणं मला जमत नाही. सामर्थ्याचा विचार माणसाला वगळून केला तर तो कुठे जाऊन पोचतो, याचा दाखला कार्ल हाउसहोफरच्या घरात आहे. म्युनिकचा हा जनरल-प्राध्यापक 1924 पासून भूराजकारणाचं मासिक चालवत होता. पुढे हिटलरचा सहकारी झालेला रुडॉल्फ हेस त्याचा शिष्य. देशाला जगायला जागा हवी, ही रात्सेलची कल्पना या वाटेने नाझींच्या हाती गेली आणि पूर्व युरोपातली गावंच्या गावं तिने बेचिराख केली. हाउसहोफरचा मुलगा आल्ब्रेश्ट, तोही भूगोलाचाच अभ्यासक, हिटलरविरोधी कटात सापडला आणि एप्रिल 1945 मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी बाप आणि आई दोघांनी जीव दिला. ज्या नकाशावर माणसं नसतात, तो नकाशा काढणाऱ्याचं घरसुद्धा वाचवत नाही.

आमच्या नकाशावर माणसं होती का? हा प्रश्न मला दल्ली-राजहराच्या वाटेवर पडतो. तिथे रस्त्याकडेची झाडं पानापानांत लाल असतात. पाऊस पडला की रंग उतरतो आणि खालच्या शेतांत जातो. इथल्या खाणींत हाताने दगड फोडणाऱ्या कंत्राटी मजुरांनी, त्यात बायका पुष्कळ, 1977 मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या सोबत संघटना बांधली. त्या जूनमध्ये गोळीबार झाला, मजूर मेले. त्यांच्या आठवणीत मजुरांनी स्वतःच्या पैशांनी आणि श्रमाने 1983 मध्ये शहीद अस्पताल उभं केलं. नियोगींचा यंत्रांना सरसकट विरोध नव्हता. यंत्रं आणा, पण हजारो हात एका रात्रीत रिकामे करू नका, असं त्यांचं सांगणं होतं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईत ते झोपेत असताना त्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी 1 जुलैला याच पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या. मी ज्या पुलावरून रुळांची गाडी पाहते, त्याच्याच खाली.

कारखान्यासाठी ज्यांची धानाची शेतं गेली, त्यांची नातवंडं माझ्या वर्गात होती. त्यांतली काही प्लांटमध्ये लागली, काही लागली नाहीत. आता दल्लीचं चांगलं लोखंड सरत आलं आहे. रेल्वे दक्षिणेला अंतागढच्याही पुढे, रावघाटच्या डोंगराकडे सरकली आहे. आमच्या राज्याच्या सरहद्दीला लागून गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर खणला जातो आहे. दोन्हीकडे गोंड-माडिया वस्ती, दोन्हीकडे डोंगरात देव. देशाला लोखंड लागणार, हे मी नाकारत नाही. माझ्या घरातली भाकरी त्याच लोखंडावर भाजली गेली आहे. पण डोंगर घेताना धन्याला राजी करावं, मोल द्यावं, त्याने लेकरासारखं वाढवलेलं काही असेल तर त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा, हे अमात्यांना तीनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. आपल्याला ते आता तरी सुचायला हवं.

हल्ली महासत्तेची चर्चा घरोघरी चालते. दूरदर्शनच्या पडद्यावर बाण सरकतात, सामुद्रधुन्या लाल होतात, कोण कुणाला घेरतंय याचे आडाखे बांधले जातात. ते समजून घ्यावंच. कौटिल्य, माहान, मॅकिंडर, पणिक्कर सगळे वाचावेत. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांना आणखी तीन प्रश्न नकाशाला विचारायला शिकवलं. हे लोखंड कुठल्या डोंगरातलं, ते वितळवायची विद्या कुणाच्या हातात, आणि त्या डोंगराखाली राहणाऱ्याला त्यातून काय मिळालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भिलाईने चांगली दिली आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. तिसऱ्याचं उत्तर अर्धवट आहे. ते पुरं केल्याशिवाय आपल्याला स्वतःला बलवान म्हणवून घेता येणार नाही.